घरात भाजलेला बदामी क्रोसाँ आणि वहीत न लिहिलेली मजुरी

कापडाच्या दुकानदाराने मैदा, बटर आणि बदाम यांवर लिहावे, हे पाहून या पानाचे नेहमीचे वाचक जरा हसतील. आम्हीही हसलो असतो. सुरतेची आवक, लग्नसराईतील उधारी, कटपीसचा भाव हे आमचे विषय. त्यात आमचे शालेय शिक्षण उर्दूतून झाले आणि मराठी आम्ही गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांकडून शिकलो. तेव्हा स्वयंपाकघरातील शब्दांत आमचा हात तोकडा आहे, हे आधीच कबूल करतो. परंतु आमच्या ओळखीच्या घरांतून, बीडमध्ये आणि अंबाजोगाईतही, केक-बिस्किटे करून विकणाऱ्या मुली-सुना आता पुष्कळ झाल्या आहेत. हा धंदा आहे, आणि धंद्यासारखा त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. म्हणून हे लिहीत आहोत.

आमची एक भाची २०२१ च्या कोरोनात विधवा झाली. दोन मुले घेऊन ती आमच्याकडे आली. शिलाई तिला येत होती, पण बशीरगंजापासून कारंज्यापर्यंत गल्लोगल्ली शिलाईयंत्रे आहेत. त्यात आणखी एकाने काय होणार? तिने मोबाईलवर पाहून आणि पुण्यात महिनाभर शिकून भाजण्याचे काम धरले. केक, नानकटाई, मग एक दिवस तिने क्रोसाँ केला. आम्ही पहिल्यांदा खाल्ला तेव्हा म्हणालो, "ही तर खारी आहे." ती म्हणाली, "मामू, खारी याची गरीब बहीण आहे." आम्हाला ते खरे वाटले नाही. आता वाटते.

क्रोसाँ म्हणजे बटरचे पदर घालून, चंद्रकोरीसारखा वळून भाजलेला फ्रान्सचा पदार्थ. या फ्रेंच शब्दाचा अर्थच हिलाल, वाढती चंद्रकोर. यावरून एक किस्सा आमच्या मोबाईलवर अधूनमधून फिरत येतो, की १६८३ साली तुर्कांचा व्हिएन्नाचा वेढा उठला तेव्हा तेथील भटाऱ्यांनी तुर्की निशाणावरचा चंद्र खाऊन टाकण्यासाठी हा पदार्थ काढला, तेव्हा आपण तो खाऊ नये. इतिहासकार या गोष्टीला आधार देत नाहीत. कोरीच्या आकाराची 'किप्फेर्ल' नावाची रोटी व्हिएन्नाच्या मुलखात त्या वेढ्याच्या कित्येक शतके आधीपासून होती. ऑगस्ट झांग नावाच्या ऑस्ट्रियन गृहस्थाने १८३८-३९ च्या सुमारास पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली, तेथून ती फ्रेंचांच्या तोंडी लागली; पदरांचा आजचा क्रोसाँ तर त्याच्याही पुष्कळ नंतरचा. तेव्हा ज्याला खायचा असेल त्याने बेफिकीर खावा. जपायचे ते एकच. बदामी क्रोसाँच्या पाकात फ्रान्समध्ये बहुधा रम घालतात. मुंबई-पुण्याच्या दुकानातून विकत घेताना विचारून घ्यावे. घरी करताना तिच्या जागी संत्र्याची साल किंवा थोडे गुलाबपाणी घातले की भागते. आमची भाची वेलचीही घालते.

आता धंद्याच्या दृष्टीने या पदार्थातील खरी गंमत सांगतो. बदामी क्रोसाँ हा मुळात शिळ्या मालाचा पदार्थ आहे. सकाळी भाजलेले साधे क्रोसाँ संध्याकाळपर्यंत कडक होतात. फ्रान्सच्या बेकरीवाल्यांनी ते फेकून दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते मधोमध चिरायचे, साखरेच्या पातळ पाकात बुडवायचे, आत बदामाचे सारण भरायचे, वर तेच सारण आणि बदामाचे काप लावायचे आणि पुन्हा भाजायचे. कडक झालेला क्रोसाँ पाक पिऊनही मोडत नाही, ताजा असता तर लगदा झाला असता. म्हणजे शिळेपण येथे दोष नसून गरज आहे. आणि हा कालचा माल आजच्या ताज्यापेक्षा महाग विकला जातो! तीस वर्षे आम्ही ताग्याच्या शेवटी उरलेला कटपीस विकतो आहोत, निम्म्या भावाने. कटपीस ताग्यापेक्षा महाग विकण्याची करामत आम्हाला कधी जमली नाही.

अर्थात कालचा म्हणजे कालचाच, फार तर परवाचा. आठवड्याचा नव्हे. आणि गिऱ्हाइकाने विचारले तर साफ सांगावे की याचा पाया काल भाजलेला आहे, पद्धतच तशी आहे. सांगितल्याने गिऱ्हाईक तुटत नाही. लपवलेले कळल्यावर तुटते.

घरी करायचा तर पहिले काम पदरांचे. अर्धा किलो मैदा, तीस ग्रॅम बटर, साठ ग्रॅम साखर, दहा ग्रॅम मीठ, सात ग्रॅम सुके यीस्ट आणि सुमारे २८० मिलिलिटर दूध-पाणी घालून पीठ मळतात आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतात. दुसऱ्या दिवशी अडीचशे ग्रॅम बटरची चौकोनी पोळी करून ती पिठाच्या पोळीत गुंडाळतात, लाटतात, तीन घड्या घालतात, अर्धा तास थंड करतात. असे तीनदा. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, बटरचे सत्तावीस पदर होतात. आमच्या शेजारच्या घरांतून दिवाळीला चिरोटे येतात. त्यांतला साटा आणि हे बटर, काम एकच. फरक थंडपणाचा आहे. शिंप्याला विचारा: अस्तर आणि कापड यांचा ताण वेगळा असला की कोट फुगतो. तसेच बटर पिठापेक्षा मऊ झाले तर बाहेर वाहते, कडक राहिले तर तुटून तुकडे पडतात. दोन्ही सारखेच लवचीक हवेत, आणि ते साधारण पंधरा-सोळा अंशांवर होते. घरचे लोणी येथे चालत नाही, त्यात ताकाचे पाणी राहते. बिनमिठाचे पाकिटातले बटर घ्यावे लागते.

लाटलेल्या पोळीचे लांब त्रिकोण कापून वळले की बारा नग होतात. ते उबदार जागी दोन तास फुगू द्यायचे. येथे घाई केली तर आत कच्ची गाठ राहते आणि फार ऊब दिली तर बटर पाझरून ताटलीत येते. मग ओटीजीमध्ये १९० ते २०० अंशांवर अठरा-वीस मिनिटे. भाचीच्या पहिल्या चार खेपा बिघडल्या. त्या आमच्या घरी सकाळच्या चहाला गेल्या आणि कोणी तक्रार केली नाही, पण त्या चार खेपांचे बटर कोणाच्या खात्यावर पडले, हे तेव्हा आम्ही विचारले नाही.

बीडमध्ये हा पदार्थ करण्यातली अडचण आमच्या हवेत आहे. बटर तीस-पस्तीस अंशांवर वितळते आणि एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. फ्रिजमधून काढलेली पोळी लाटायला घेईपर्यंत तेल सुटते. त्यात वीज गेली की संपले. पॅरिसचा माणूस जे काम दुपारी करतो ते आमच्या भाचीला उन्हाळ्यात पहाटे तीनला करावे लागते, आणि तरीही निम्मे बिघडते. पुढे तिने एप्रिल ते जून हा माल बंदच ठेवला. आम्हाला हे पटले. कोण दुकानदार मे महिन्यात लोकरीचे स्वेटर मांडतो?

आणि येथेच आमच्या लोकांसाठी एक संधी आहे, जी आम्हाला कॅलेंडर पाहताना दिसली. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०१८ साली तो मेच्या मध्यावर सुरू झाला होता. २०२६ साली तो फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आला. तेथून पुढे तो थंडीत शिरतो. २०३० साली तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा एकदा, असा एकाच इसवी वर्षात दोनदा सुरू होईल. म्हणजे काही वर्षे तरी आमच्या गिऱ्हाइकीचा सगळ्यात मोठा महिना आणि बटर न वितळणाऱ्या रात्री एकत्र येणार आहेत. तरावीहनंतर बाजार उघडा असतो, घरात माणसे जागी असतात, सेहरीपर्यंत चूल चालू असते. पदर लाटायला याहून सोयीची वेळ वर्षात नाही. नंतर हा महिना पुढच्या ऋतूंत सरकेल आणि ही सोय जाईल. ज्यांना शिकायचे आहे त्यांनी आत्ताच शिकावे.

ज्यांना पदरांची कसरत नको असेल त्यांच्यासाठी मधला रस्ता आहे. आमच्या बेकऱ्यांत खारी रोज होते. खारीचे न भाजलेले, पदर घातलेले पीठ बेकरीवाल्याकडून ओळखीने मिळते. त्याचे चौकोन कापून, आत बदामाचे सारण भरून, कडा दाबून भाजले की त्याला क्रोसाँ म्हणता येणार नाही, पण फ्रान्समध्येही यीस्ट नसलेल्या पदरांत बदाम भरून भाजण्याची जुनी चाल आहे. मात्र बेकरीची खारी बहुधा वनस्पती तुपाची असते. जानेवारी २०२२ पासून खाद्यतेल-चरबीत ट्रान्स फॅटची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली आहे, तेव्हा पीठ घेताना कोणता डबा वापरला ते विचारावे. आणि वनस्पतीच्या पदरांवर 'बटर' असे लिहू नये. टेरिकॉटला सुती म्हणून विकण्यासारखेच ते आहे, आणि ते करणारे आमच्या बाजारात किती टिकले हे आम्ही पाहिले आहे.

भट्टीचेही तसेच. आमच्या लहानपणी ईदच्या आधी अम्मी नानकटाईचे पीठ मळून देई आणि आम्ही भावंडे ताटल्या डोक्यावर घेऊन बेकरीवर जात असू. किलोमागे भाजणावळ द्यायची. ताटल्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून कोपऱ्यात कोळशाने खूण करायची. तरी एका वर्षी आमच्या ताटलीऐवजी दुसऱ्याच कोणाची करपलेली ताटली घरी आली आणि अम्मीने ती ईदच्या दिवशी पाहुण्यांपुढे न ठेवता आम्हालाच खायला लावली. भट्टी घरची असो की बाजाराची, भाजणावळ मोजूनच द्यावी लागे. तेव्हा बेकरीवाल्याला कोणी म्हणाले नाही की तुझी भट्टी तर पेटलेलीच आहे, फुकट भाजून दे.

आता बदामाकडे येऊ. सारणाचे प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे: बदामाची पूड, साखर, बटर आणि अंडी, चारही वजनाने सारखी. बारा नगांना शंभर-शंभर ग्रॅम पुरते, अंडी दोन. बटर आणि साखर फेटून, अंडी एकेक घालून, शेवटी बदामाची पूड. दोनशे मिलिलिटर पाण्यात शंभर ग्रॅम साखर विरघळवून पाक, तार येऊ द्यायची नाही. भरून झाल्यावर १७० ते १८० अंशांवर पंधरा-अठरा मिनिटे. बदाम मिक्सरमध्ये एकसारखा फिरवला तर गरम होऊन तेल सोडतो आणि पुडीचा गोळा होतो. म्हणून बदाम थंड असावेत, त्यांच्याबरोबर थोडी साखर घालावी आणि थांबून थांबून फिरवावे. अंडे न खाणारी गिऱ्हाइके आमच्या शहरात पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी भाची अंड्यांच्या जागी पंधरा ग्रॅम कॉर्नफ्लोअर आणि थोडे दूध घालते. सारण कमी फुगते, चव उतरत नाही. पण तो नग वेगळ्या ताटलीत, वेगळ्या चमच्याने. येथे चूक झाली तर माफी नाही.

बदाम आणि साखर कुटून भाजणे आम्हाला नवे नाही. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होते, अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत. हैदराबादेला जाऊन आलेले आमचे वडीलधारे तेथून 'बदाम की जाली' आणत. बदाम-साखरेचा तो गोळा पातळ लाटून, जाळी कापून, वर चांदीचा वर्ख लावलेला. हल्ली त्याच नावाखाली काजू विकला जातो. क्रोसाँच्या सारणातही असले प्रकार आहेत: बदामाच्या चुऱ्यात शेंगदाणा, आणि वरून बाटलीतले बदाम इसेन्स. शेंगदाण्याने काही लोकांच्या जिवावर बेतू शकते. चुरा घेऊच नये, अख्खा बदाम घेऊन घरी दळावा. मामरा लागत नाही; दळायच्या मालाला साधा कॅलिफोर्नियाचा बदाम पुरतो. कडू बदाम मात्र एकही जाऊ देऊ नये, त्यात विषारी द्रव्य तयार होते.

कॅलिफोर्नियाचे नाव निघाले म्हणून सांगतो. जगातील बदामाचा सुमारे ऐंशी टक्के माल त्या एका राज्यातून येतो, आणि त्याच्या मोठ्या गिऱ्हाइकांत आपला देश आहे. २०१९ साली अमेरिकेशी जकातीचे भांडण झाले तेव्हा सोललेल्या बदामावर किलोमागे वीस रुपये जादा जकात बसली. ती २०२३ च्या सप्टेंबरात उठली. २२ सप्टेंबर २०२५ पासून बदाम आणि बटर यांवरील जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, तयार पेस्ट्रीवरचा अठरावरून पाचवर. घरात भाजणारी बाई जीएसटी भरत नाही, तिची उलाढाल तेवढी नसते. पण मोंढ्यात बदाम विकत घेताना ती तो भरत असतेच. दिल्लीत आणि वॉशिंग्टनमध्ये जे ठरते ते शेवटी तिच्या वाटीत पडते. सरकारी बातम्या फक्त गल्ल्यावर बसणाऱ्यानेच वाचाव्यात असे नाही.

आता हिशेब. मार्च २०२५ मधील आमच्या येथील भावाने एका डझनाचा: मैदा २३ रुपये, सगळे मिळून ३८० ग्रॅम बटर किलोला सहाशेप्रमाणे २२८, दूध ९, साखर १२, यीस्ट १०, तीन अंडी २१, वरच्या कापांसह दीडशे ग्रॅम बदाम १२८. बेरीज ४३१. नाव बदामाचे आहे, पण निम्म्याहून जास्त पैसा बटर खाते. बदाम तीस टक्के. वीज सुमारे २५, डबे आणि कागद ६०. एकूण ५१६, म्हणजे नगाला ४३ रुपये. विक्री ५० रुपयांनी.

पन्नास हा भाव तिने ठरवला नव्हता, आम्ही ठरवला होता. "बीडमध्ये याहून जास्त कोण देईल?" असे आम्ही म्हणालो होतो, आणि तीस वर्षांच्या अनुभवाने म्हणालो होतो, म्हणून तिने ऐकले. एका डझनाला तिचे हात तीन तास गुंततात. मिळकत ८४ रुपये. दोन डझन एकदम केले तर चार तास आणि १६८ रुपये, तासाला बेचाळीस. ओटीजीची किंमत, बिघडलेल्या खेपा आणि रात्रीचे जागरण यात धरलेले नाही.

त्याच मार्चअखेरच्या ईदला आम्ही आणखी एक काम केले. दुकानाच्या मोठ्या गिऱ्हाइकांना दर वर्षी मिठाईचा डबा जातो. त्या वर्षी आम्ही भाचीला म्हणालो, चाळीस बदामी क्रोसाँ करून दे. तिने दोन रात्री जागून केले. डबे गेले, गिऱ्हाइकांचे फोन आले, वाहवा झाली. पैसे आम्ही दिले नाहीत. नीयत वाईट नव्हती. आमच्या मनातच आले नाही. ती आमच्या घरात राहते, आमचे पीठ खाते, मग घरच्या घरात कसले बिल? ईदनंतर पंधरा दिवस तिने ओटीजी पेटवला नाही. विचारले तर म्हणाली, बटरला पैसे नाहीत. मग जरा थांबून म्हणाली, "मामू, तुम्ही ताग्यातून घरासाठी एक मीटर फाडले तरी वहीत लिहिता."

आम्ही रात्री वही घेऊन बसलो. चाळीस नगांचा फक्त खर्च १,७२० रुपये. नगामागे तिला सुटत होते सात. म्हणजे आमची एक वाहवा भरून काढायला तिला जवळपास अडीचशे नग विकावे लागले असते. आमच्या दुकानात कामाला असलेल्या पोराने गल्ल्यातून १,७२० रुपये न सांगता उचलले असते तर आम्ही त्याला काय म्हटले असते, तो शब्द येथे लिहीत नाही.

त्या रात्री वाईट वाटले ते पैशाचे नाही, पैसे सकाळी देऊन टाकले. वाईट याचे वाटले की अम्मीचेही असेच झाले असणार. ती लोकांच्या लग्नाच्या ओढण्यांना गोटा लावून देई. त्याची मजुरी किती होती, कोणी दिली, कोणी बुडवली, आम्हाला काही माहीत नाही. अब्बांच्या दुकानाच्या जुन्या वह्या आमच्याकडे जपून ठेवलेल्या आहेत. त्यात बैलगाडीच्या भाड्याची नोंद आहे, अम्मीच्या गोट्याची नाही.

काही बंधू म्हणतील की एवढ्याशा घरगुती कामाला धंदा कशाला म्हणता. मुंबईत दोन उदाहरणे सगळ्यांसमोर आहेत. कुलाब्याच्या मेसमन कुटुंबात आई घरातून केक करून विकत असे. त्यातून २००४ साली 'थिओब्रोमा' नावाचे दुकान उभे राहिले, आणि २०२५ साली एका मोठ्या गुंतवणूक कंपनीने त्यातील बहुतेक हिस्सा विकत घेण्याचा हजारो कोटींचा सौदा केला. दुसऱ्या पूजा धिंगरा. पॅरिसला शिकून येऊन त्यांनी २०१० मध्ये 'ल कॅंझ' काढले. त्यांची ओळख झाली ती बदामाची पूड आणि अंड्याचा पांढरा यांच्या 'माकारों' या बिस्किटामुळे. २०२० च्या टाळेबंदीत त्यांना कुलाब्याचा कॅफे बंद करावा लागला, पण माल बनवण्याचे काम त्यांनी चालू ठेवले. बीडचे मुंबई होणार नाही, आम्हालाही कळते. सांगायचे इतकेच की स्वयंपाकघरात सुरू झालेले काम वहीत आले म्हणूनच पुढे त्याची किंमत ठरवता आली.

कायद्याचे थोडक्यात. घरातून विकले तरी अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. २०११ च्या नियमांत छोट्या व्यावसायिकासाठी वर्षाला शंभर रुपये फी ठेवली होती. चालू दर आणि अटी अर्ज भरताना पाहाव्यात. चौदा आकडी नंबर मिळतो, तो डब्यावर छापावा. अंडे असेल तर मांसाहारी खूण लागते. गहू, दूध, अंडे, बदाम यांचा उल्लेख आणि भाजल्याची तारीख असावी. भाचीने हे सगळे एका दुपारी करून घेतले. आमच्या दुकानाच्या परवान्याला आम्ही किती खेटे घातले होते ते आठवून आम्ही गप्प बसलो.

मित्रमंडळी सल्ले देतात. एकाने सुचवले की बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तर बदामाऐवजी सीताफळ भरा, नाव होईल. भाचीने करून पाहिले. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो. नाव झाले असते, पण वेगळेच.

मे २०२५ मध्ये आम्ही तिला एक लांब लाल वही आणून दिली, आमच्या दुकानात वापरतो तशीच. पहिल्या पानावर तिने आमच्याकडून आलेले १,७२० रुपये जमा लिहिले आणि खाली दोन रात्रींची मजुरी आमच्या नावे बाकी दाखवली. तीही आम्ही दिली. नोव्हेंबरात थंडी पडली तेव्हा तिने काम पुन्हा सुरू केले आणि भाव पंचाहत्तर लावला. आम्ही म्हणालो, चालणार नाही. सुरुवातीला काही गिऱ्हाइके तुटली, त्यातली दोन आमच्या नात्यातली होती. मग बाकीची टिकली आणि नवी आली. मुख्यतः ज्यांची मुले पुण्यात शिकतात आणि ज्यांनी तेथे याचा दुप्पट भाव पाहिला आहे अशी. दोन डझनाला चार तासांत आता सातशे अडुसष्ट सुटतात, जुन्याच खर्चाने धरले तर. गुरुवारी रात्री पीठ, शुक्रवारी साधे क्रोसाँ, जे उरतील ते शनिवारी बदामी. आता साधे मुद्दाम जास्त करते, कारण शनिवारचा माल आधी मागून ठेवलेला असतो.

मार्च २०२६ च्या ईदला आम्ही पुन्हा चाळीस नग सांगायला गेलो. ती वही उघडून बसली होती. म्हणाली, सत्ताविसाव्या रोजापर्यंत जागा नाही, त्यानंतर वीस देता येतील. आम्ही म्हणालो, बरे, वीस. तिने आमचे नाव पाचव्या ओळीत लिहिले, दुकानाच्या नावासह, आणि निम्मी रक्कम आगाऊ मागितली. आमच्या गल्ल्यामागे 'आज नगद, कल उधार' अशी पाटी तीस वर्षे लटकते आहे. आम्ही खिशात हात घातला.